पहारेकऱ्याची जुनी वही

शाळेत दोन वह्या असतात. एक हजेरीपट आणि दुसरे जनरल रजिस्टर. हजेरीपट दर जूनमध्ये नवा होतो. नवी पाने, नव्या रेघा, आणि वर्गशिक्षकाने पुन्हा एकवार आपल्या हाताने उतरवून काढलेली मुलांची नावे. जनरल रजिस्टर मात्र शाळेच्या जन्मापासून चालत आलेले असते. मुलाला त्यात एकदा जो क्रमांक मिळाला तो मिळाला. पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तोच येतो, आणि चाळीस वर्षांनी एखादा गृहस्थ जन्मतारखेची नक्कल मागायला आला, तरी त्याच क्रमांकावरून त्याचे पान उघडते. हेडमास्तर बदलले, इमारत बदलली, तरी त्या क्रमांकाला कोणी हात लावीत नाही.

या दोन वह्यांमधला फरक मला वर्षानुवर्षे ठाऊक होता. पण तो समजला मात्र अलीकडे, आणि तोही अगदी परक्या क्षेत्रातला इतिहास वाचताना. तो इतिहास म्हणजे संगणकांवर पहारा करणाऱ्या प्रोग्रॅमांचा. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, धंदा मास्तरकीचा आणि व्यसन कादंबऱ्या लिहिण्याचे. तेव्हा या वाटेला मी आपण होऊन गेलो नसतो. त्याचे असे झाले की, गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. पुण्यात एका कंपनीत तो रात्रपाळी करतो. काय काम करतोस असे विचारताच तो हसून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही दिवसा हजेरी घेता, मी रात्री घेतो. फरक एवढाच की, तुमची पोरे 'हजर' म्हणतात आणि माझी यंत्रे 'शून्य' म्हणतात."

हे 'शून्य' काय प्रकरण आहे ते विचारता विचारता चकलीचा डबा रिकामा झाला, आणि मी मात्र एका गोष्टीत अडकलो. ती गोष्ट जुने टाकण्याची आहे. काय टाकावे, काय ठेवावे, आणि टाकताना कोणाला काय सांगावे, याची.

मुळात यंत्रांची हजेरी घेण्याची कल्पना फार जुनी नाही. १९८३ च्या डिसेंबरात माइक मूस नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 'पिंग' हा इवलासा प्रोग्रॅम लिहिला. ते अमेरिकन सैन्याच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करीत. पाणबुडीचा शोध घेताना ध्वनी सोडायचा आणि प्रतिध्वनी येतो का ते ऐकायचे, त्या आवाजावरून त्यांनी हे नाव घेतले. दूरच्या यंत्राला एक हाक मारायची. उत्तर आले तर ते जिवंत आहे, आणि किती वेळाने आले त्यावरून वाट किती तुंबली आहे हे कळते. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, विल्यम लफेव्र यांनी 'टॉप' लिहिला. यंत्राच्या पोटात या घडीला कोण किती खातो आहे, याची उतरत्या क्रमाने यादी दाखवणारा हा प्रोग्रॅम. त्याच नावाची आज्ञा आजही लिनक्सवर चालते. १९९५ मध्ये इंग्लंडात लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठात टोबियास ओटिकर या तरुणाने बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या तारेवरून किती रहदारी वाहते याचा आलेख काढणारा 'एमआरटीजी' तयार केला. विद्यापीठाला सगळ्या जगाशी बोलायला सेकंदाला ६४ किलोबिटांची एकच तार होती. तेव्हा ती कितपत भरली आहे हे जाणण्याची उत्सुकता सर्वांनाच होती.

हे सगळे प्रोग्रॅम पाहणाऱ्यासाठी होते. माणसाने पडद्यासमोर बसायचे आणि पाहायचे. परंतु पहारेकऱ्याचे खरे काम माणूस झोपला असताना असते. ती गरज ओळखली ईथन गॅलस्टॅड या अमेरिकन तरुणाने. १९९६ च्या सुमारास त्यांनी जुन्या डॉसवर एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. तो सर्व्हरांना पिंग करी आणि उत्तर आले नाही तर वर्दी देई. पुढे तीच कल्पना त्यांनी लिनक्सवर नव्याने उभारली आणि १९९९ मध्ये 'नेटसेंट' या नावाने सर्वांना फुकट, मूळ लिखाणासकट, देऊन टाकली. 'सेंट' म्हणजे संत. व्यापारचिन्हाच्या कायद्यावरून या नावावर आक्षेप आला, तेव्हा २००२ मध्ये त्यांनी नाव बदलून 'नागिऑस' केले. ग्रीक भाषेत 'आगिऑस' म्हणजे संतच. शिवाय 'नागिऑस संतपदाचा आग्रह धरणार नाही' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरे जुळवूनही हे नाव होते. संताला दारातून घालवले, तो खिडकीतून परत आला!

नागिऑसमध्ये एक शहाणपण होते, आणि माझ्या मते त्याच्या सगळ्या कीर्तीचे मूळ त्यातच आहे. यंत्र नीट चालले आहे की नाही हे तो स्वतः तपासत नसे. ते काम तो छोट्या छोट्या स्वतंत्र प्रोग्रॅमांकडे सोपवी. त्यांना 'प्लगिन' म्हणतात. कोणी डिस्क किती भरली ते पाहील, कोणी संकेतस्थळ उघडते का ते पाहील, कोणी खोलीचे तापमान मोजील. प्लगिन कोणत्याही भाषेत लिहा, कोणीही लिहा. नागिऑसची अट एकच होती: काम संपवून जाताना चारपैकी एक आकडा सांगून जा. ० म्हणजे ठीक. १ म्हणजे सावध. २ म्हणजे गंभीर. ३ म्हणजे मला कळले नाही. सोबत माणसाला वाचता येईल अशी एक ओळ लिहा, आणि वाटल्यास एक उभी रेघ मारून पुढे मापांचे आकडे द्या. बस्स, करार संपला.

माझ्या विद्यार्थ्याचे 'शून्य' ते हे. या चारांपैकी मला सर्वांत आवडला तो तिसरा आकडा. वर्गात मुलाला प्रश्न विचारावा आणि त्याने 'येत नाही' असे स्वच्छ सांगावे, हे किती दुर्मिळ असते ते मास्तरांना विचारा. उत्तर ठाऊक नसताना 'सगळे ठीक' म्हणणारा पहारेकरी हा चोरापेक्षा धोक्याचा. नागिऑसने अज्ञानाला स्वतंत्र जागा दिली. ते लपवायचे कारणच ठेवले नाही.

या कराराच्या जोरावर जगभर हजारो लोकांनी प्लगिने लिहिली. बँका, विद्यापीठे, दवाखाने, टपालखाती, जेथे म्हणून पाच-पंचवीस सर्व्हर होते तेथे नागिऑस बसला. आणि येथेच दुसऱ्या वहीची गोष्ट सुरू होते.

पहारेकऱ्याला कोणाकोणाची हजेरी घ्यायची ते सांगावे लागते. त्यासाठी नागिऑसची एक लिहिण्याची रीत होती. 'डिफाईन होस्ट' असे लिहून महिरपी कंसात यंत्राचे नाव, पत्ता, किती वेळाने पाहायचे, बिघडल्यास कोणाला उठवायचे, हे एकेका ओळीवर मांडायचे. मग 'डिफाईन सर्व्हिस' लिहून त्या यंत्रावर काय काय तपासायचे ते. दहा यंत्रे असतील तर ही रीत उत्तम. शंभर असली तर सुसह्य. गट पाडण्याची आणि एका नमुन्यावरून दुसरा काढण्याची सोय होती, नाही असे नाही. परंतु यंत्रे हजारांनी वाढली आणि आज उभे केलेले यंत्र उद्या पाडण्याचे दिवस आले, तेव्हा या फायली एखाद्या जुन्या वाड्यासारख्या झाल्या. प्रत्येक पिढीने एक पडवी जोडलेली, आणि कोणती भिंत कशासाठी आहे ते कोणालाच ठाऊक नाही. प्लगिनला द्यायची माहिती उद्गारचिन्हांनी तोडून एका रांगेत लिहावी लागे. पहिली काय, दुसरी काय, ते केवळ जागेवरून ओळखायचे. एक चिन्ह चुकले की मागची माहिती पुढच्याच्या गळ्यात.

नागिऑसचे लिखाण खुले असले, तरी त्यात दुरुस्ती घ्यायची की नाही ते मुख्यतः मूळ कर्त्याच्या हाती होते. बाहेरच्यांनी पाठवलेल्या दुरुस्त्या तुंबून राहतात, अशी अनेकांची तक्रार होती. २००९ च्या मे महिन्यात जर्मनीतल्या काही मंडळींनी पुढाकार घेऊन नागिऑसची एक शाखा वेगळी काढली आणि तिला 'आयसिंगा' असे नाव दिले. हा शब्द आफ्रिकेतल्या झुलू भाषेतला. अर्थ 'ते शोधते, ते न्याहाळते'. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ज्याँ गाबेस यांनी नागिऑसचीच कल्पना पायथॉन भाषेत नव्याने लिहून 'शिंकेन' नावाचा तिसरा पहारेकरी उभा केला.

वेगळे होणाऱ्या भावाला पहिली चिंता असते ती गोतावळ्याची. माणसे आपल्याकडे येतील का? म्हणून आयसिंगाने पहिल्याच दिवशी अभय दिले: तुमच्या जुन्या फायली जशाच्या तशा आणा, तुमची प्लगिने आणा, सगळे चालेल. आणि ते खरेच चालले. नवा वेबपडदा आला, अधिक प्रकारच्या डेटाबेसांत माहिती साठवता येऊ लागली. परंतु आत वही तीच होती. जुन्याशी जुळते घेण्याचे हे वचन म्हणजे त्या नव्या घराचा पाया होता. तीन वर्षांतच त्याच पायाचे जोखड झाले. वाडा तोच; मग केवळ रंग देऊन किती दिवस ढकलायचे?

२०१२ मध्ये आयसिंगाच्या मंडळींनी जाहीर केले की, आम्ही सगळे पहिल्यापासून नव्याने लिहितो आहोत. २०१४ च्या जूनमध्ये 'आयसिंगा २' बाहेर पडला. जुना सी भाषेत होता, हा सी++ भाषेत. आणि यात जुनी फाईल चालणार नव्हती. 'डिफाईन होस्ट' बंद. त्या जागी नवी भाषा आली, जिच्यात नियम लिहिता येतात. ज्या ज्या यंत्राला पत्ता आहे त्या प्रत्येकाला पिंग लावा, एवढे एका ठिकाणी सांगितले की काम झाले. उद्या शंभर यंत्रे वाढली तरी नियम तोच.

ज्यांना पाच वर्षांपूर्वी 'सगळे चालेल' असे सांगितले होते, त्यांना आता सांगण्यात आले की फाईल पुन्हा लिहा. जुन्या फायलींचे आपोआप भाषांतर करण्याचा प्रयत्नही झाला होता; पण आयसिंगाच्या मार्गदर्शिकेने अखेर सल्ला दिला तो असा की, दूरवरचा विचार करायचा तर भाषांतर करीत बसू नका, नव्या पद्धतीने नव्याने मांडा.

पहिल्याने हे वाचले तेव्हा मी चिडलो. मी मास्तर आहे. वर्षाच्या मध्ये पाठ्यपुस्तक बदलल्याचा त्रास मला ठाऊक आहे. पण पुढे वाचत गेलो, आणि एका लहानशा गोष्टीने माझे मत फिरवले. ती गोष्ट ५ या आकड्याची.

जुन्या फायलीत 'दर ५' असे लिहिले म्हणजे दर पाच मिनिटांनी पाहा, असा अर्थ होई. कारण नागिऑस सहसा साठ सेकंदांचा एक घटक मानून मोजी. नव्या भाषेत एकक न लिहिता नुसते ५ लिहिले तर त्याचा अर्थ पाच सेकंद. मिनिटे हवी असतील तर तसे स्पष्ट लिहावे लागते. आता कल्पना करा की, नव्या पहारेकऱ्याने मोठ्या मनाने म्हटले असते, 'तुमची जुनी वही द्या, मी समजून घेईन', आणि तो आकडा आपल्या रीतीने वाचला असता. यंत्रावर साठपट जास्त हाका सुरू झाल्या असत्या. बरे, ही चूक निदान कलकलाट करते, म्हणून सापडते. उलट दिशेची चूक झाली तर? पहारेकरी पाच मिनिटांच्या जागी पाच तासांनी फेरी मारू लागला तर? कोणाला काहीच कळणार नाही. पडदा हिरवा राहील, रात्र शांत जाईल.

इतर प्रोग्रॅम आणि पहारेकरी यांत हाच मोठा फरक आहे. हिशेबाचा प्रोग्रॅम मोडला तर हिशेब चुकतो आणि कारकून ओरडतो. पहारेकरी मोडला तर शांतता पसरते. आणि सर्व काही ठीक असतानाही तशीच शांतता असते. दोन्हीचा आवाज एकच. म्हणून पहारेकऱ्याने जुनी वही अर्धीमुर्धी समजून घेण्यापेक्षा ती मुळीच न समजणे बरे. आयसिंगा २ पुढे जुनी फाईल ठेवली तर तो ती चूक म्हणून नाकारतो. अमुक ओळीवर मला कळले नाही असे सांगतो आणि कामाला लागत नाही. हा उद्धटपणा नव्हे. हा तोच तिसरा आकडा, मोठ्या अक्षरात.

तथापि दुसरी बाजूही इतिहासात आहे आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल. नागिऑस काही स्वस्थ बसला नव्हता. २०१३ च्या सप्टेंबरात त्याची चौथी आवृत्ती निघाली. प्रत्येक तपासणीसाठी मुख्य प्रोग्रॅमने स्वतःची नवी प्रत काढण्याची खर्चिक रीत सोडून तिने हाताखाली कायमचे कामकरी नेमले, आणि त्यामुळे ती पुष्कळ वेगवान झाली. लोकांच्या फायली मात्र बहुतेक तशाच चालत राहिल्या. आतले बदलून बाहेरचे राखता येते, हे तिने दाखवून दिले. पण तिलाही काहीतरी टाकावे लागलेच. पर्ल भाषेतली प्लगिने झटपट चालावीत म्हणून पूर्वी पर्लचा अर्थ लावणारे यंत्रच नागिऑसच्या पोटात बसवण्याची सोय होती. ती चौथ्या आवृत्तीत काढून टाकली. जुन्याशी सर्वस्वी एकनिष्ठ असा कोणी नसतो. प्रश्न असतो तो कोणत्या जुन्याशी.

तिसरी वाट दाखवली ती प्रॉमिथिअसने. २०१२ मध्ये बर्लिनच्या साऊंडक्लाऊड या कंपनीत जन्मलेला हा पहारेकरी चार आकड्यांवर भागवत नाही. तो क्षणाक्षणाला मापे गोळा करतो आणि काळाच्या ओळीवर मांडून ठेवतो. २०१७ च्या नोव्हेंबरात त्याची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा मापे साठवण्याचे कोठार पूर्ण नवे होते, आणि जुन्या कोठारातला दाणा त्यात भरता येत नव्हता. त्यांनी तोड काढली ती शेतकऱ्याच्या शहाणपणाची. जुना पहारेकरी शेजारी नुसता उभा ठेवा. नवी मापे घेऊ नकोस म्हणावे. पण कोणी जुने विचारले तर नव्याने ते जुन्याकडून विचारून सांगावे. मापे ठेवण्याची सर्वसाधारण मुदत पंधरा दिवसांची. तेवढे दिवस सरले की जुन्याजवळ सांगण्यासारखे काही उरत नाही, आणि त्याला नमस्कार करून निरोप देता येतो. जुने फेकावे लागले नाही, ते पिकून गळाले.

आयसिंगाने निरोप दिला तोही घाईने नव्हे. नवा पहारेकरी आला २०१४ मध्ये. जुन्याची देखभाल बंद झाली ३१ डिसेंबर २०१८ रोजी. साडेचार वर्षे दोघे शेजारी शेजारी नांदले. शिवाय नव्याने सुरुवातीला जुन्याच्या काही सवयी मुद्दाम उचलल्या होत्या. जुना पहारेकरी आपली सद्यःस्थिती ज्या फायलीत लिहून ठेवी, त्याच नमुन्याची फाईल नवाही लिहून देई, म्हणजे जुना वेबपडदा काही दिवस तरी चालावा. या सवयींना त्यांनी आधार म्हटले, पाया म्हटले नाही, आणि पुढे हे आधार एकेक करून सोडवीत नेले. डेटाबेसाची जी मांडणी नागिऑसच्या काळापासून चालत आली होती, तिच्या जागी २०२२ मध्ये आयसिंगा डीबी ही नवी मांडणी आली.

हे सगळे माझ्या विद्यार्थ्याला सांगितले, तेव्हा त्याने एक गोष्ट सांगितली. त्याच्या कचेरीत जुन्यावरून नव्यावर जाण्याचे काम चालले होते. शेकडो नोंदी हाताने पुन्हा लिहायच्या. सगळे वैतागले होते. लिहिता लिहिता एका यंत्राच्या नोंदीत एक ओळ सापडली: सूचना बंद. पूर्वी कधी तरी दुरुस्तीसाठी दोन दिवस ती बंद केली असावी आणि परत सुरू करायची राहून गेली. त्यानंतर कित्येक वर्षे पहारेकरी त्या यंत्राची हजेरी इमानाने घेत होता, गैरहजेरीही मांडत होता; पण कोणाला हाक मारीत नव्हता. "गुरुजी," तो म्हणाला, "फाईल आपोआप इकडून तिकडे गेली असती, तर ती ओळही आपोआपच गेली असती."

मला हजेरीपट आठवला. जूनमध्ये नावे उतरवून काढताना हात एखाद्या नावाशी थबकतो. हा मुलगा गेल्या दिवाळीनंतर आलाच नाही. वर्षभर आपण त्याच्या पुढे गैरहजेरीची खूण करीत आलो, आणि घरी जाऊन चौकशी करायची राहून गेली. नवी वही नसती, तर जुनीत ती खूण पुढेही तशीच चालत राहिली असती.

परंतु त्या कचेरीत आणखी एक गृहस्थ होते. वयाने सर्वांत वडील. जुन्या पहारेकऱ्याची स्थितीची फाईल वाचून रोज सकाळी साहेबांच्या टेबलावर एक पानाचा गोषवारा ठेवणारे छोटे छोटे प्रोग्रॅम त्यांनी दहा वर्षांत, आपल्या वेळात, कोणी सांगितले नसताना लिहिले होते. नव्या व्यवस्थेत ती फाईल नव्हती. त्यांचे सगळे लिखाण एका शनिवारी निरुपयोगी झाले. कोणी त्यांना वाईट बोलले नाही. कोणी काहीच बोलले नाही. माझा विद्यार्थी म्हणाला, "ते त्या दिवसापासून गप्पच झाले." मी विचारले, "तुम्ही त्यांना आधी विचारले होते का?" तो थोडा वेळ करंजीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "त्यांचे प्रोग्रॅम आहेत हेच आम्हांला ठाऊक नव्हते. बंद पडले तेव्हा कळले."

जुने टाकण्याची खरी किंमत ही. मूळ कर्त्यांना ती दिसत नाही. कारण ज्यांचे नुकसान व्हायचे असते त्यांची नावे कोणत्याच यादीत नसतात. कागदावर लिहिलेली वचने मोजता येतात. न लिहिता लोकांनी धरलेला भरवसा मोजता येत नाही. नागिऑसने ती स्थितीची फाईल मुळात आपल्याच पडद्यासाठी लिहिली असेल. पण एकदा ती दिसली की कोणीतरी तिच्यावर घर बांधतो. त्याचा काही अपराध नसतो. म्हणून साडेचार वर्षांची मुदत ही मला उदारता वाटत नाही. ते देणे वाटते. आणि ती मुदत मिळाली असतानाही आपल्या कचेरीत कोण कशावर अवलंबून आहे हे विचारण्याचे काम ज्याचे त्याने करायचे असते. ते तेथे झाले नाही, याचा दोष दूरच्या प्रोग्रॅमरांवर ढकलता येणार नाही.

असो. सगळे बदलले, तेव्हा न बदललेले काय उरले, हे पाहण्यासारखे आहे. फायलीची भाषा गेली, पडदे गेले, डेटाबेसाची मांडणी गेली. २०१४ च्या जानेवारीत तर प्लगिनांच्या संकेतस्थळाच्या नावावरूनच नागिऑसची कंपनी आणि प्लगिने सांभाळणारी मंडळी यांत वाद झाला, आणि त्या मंडळींनी आपल्या संचाचे नाव बदलून 'मॉनिटरिंग प्लगिन्स' केले. भाऊबंदकीत नावाची पाटीसुद्धा वाटली गेली. पण चार आकडे? ते जसेच्या तसे राहिले. नागिऑस ते समजतो, आयसिंगा २ समजतो. सेन्सू नावाचा पुढे आलेला पहारेकरी तेच समजतो. कॉन्सल या अगदी वेगळ्या घराण्यातल्या प्रोग्रॅममध्येही तपासणी ० म्हणाली तर ठीक आणि १ म्हणाली तर सावध, हाच संकेत आहे. ज्या कोणी वीस वर्षांपूर्वी एखादे साधे प्लगिन लिहून ठेवले असेल, त्याचे ते आजही नव्या पहारेकऱ्याच्या हाताखाली कामाला लागू शकते.

हे का टिकले? मला वाटते, ते लहान होते म्हणून. चार आकडे आणि एक ओळ; त्यात चुकायला जागा नाही, दोन अर्थ निघायला जागा नाही. शिवाय ते दोन परक्यांमधले होते. प्लगिन लिहिणारा आणि पहारेकरी लिहिणारा एकमेकांना ओळखत नाहीत, पुढेही ओळखणार नाहीत. त्यांच्यामध्ये विश्वास ठेवण्याजोगे एवढेच आहे. फायलीची रीत मात्र पहारेकरी आणि त्याचा मालक यांच्यातली होती. मालक जिवंत आहे, समोर बसला आहे. त्याला नवी रीत शिकवता येते, मुदत देता येते, समजूत घालता येते. परक्याशी केलेला करार मोडला तर समजूत घालायला कोणीच सापडत नाही.

जनरल रजिस्टर आणि हजेरीपट यांतला फरक तो हाच. रजिस्टरातला क्रमांक माझ्या आणि एका अशा माणसामधला करार आहे, जो चाळीस वर्षांनी येईल आणि तेव्हा मी असणार नाही. म्हणून त्याला हात लावायचा नाही. हजेरीपट माझ्या आणि माझ्या वर्गामधला आहे. तो दरवर्षी नवा व्हावा, हाताने लिहिला जावा, आणि लिहिताना प्रत्येक नावाशी क्षणभर थांबावे. संस्था मोडतात त्या या दोन वह्या एकमेकींत मिसळल्याने. हजेरीपट पवित्र मानून जपत बसणाऱ्यांनी जितके नुकसान केले आहे, तितकेच सुधारणेच्या उत्साहात रजिस्टराचे क्रमांक बदलणाऱ्यांनीही केले आहे.

जाताना माझा विद्यार्थी उंबऱ्याशी थांबला. रात्रीच्या पाळीला पोचायचे होते. मी म्हटले, "त्या वडील गृहस्थांना एकदा विचार, तो गोषवारा नव्या व्यवस्थेत कसा काढता येईल म्हणून. तुला येत असले तरी विचार." तो मान डोलावून गेला. त्याने विचारले की नाही, ते मला अजून कळलेले नाही. माझ्या वहीत त्या नावापुढे सध्या ३ आहे.